कातड्याचं माप

मुलांनो, विरारहून गाडीनं डहाणूकडे निघालात, की बोईसर मागं पडतं आणि थोड्या वेळानं येतं ते वाणगाव. थंडीच्या दिवसांत इथं उतरलात तर ढोबळ्या मिरच्यांनी भरलेली खोकी दिसतील. गावाभोवती चिकूच्या वाड्या आहेत. वाड्या संपल्या, की भातखाचरं आणि पाडे सुरू होतात. अशाच एका पाड्यावर आमची दोन खोल्यांची शाळा आहे. वर्गातली बहुतेक मुलं वारली. घरी वारली बोलतात, शाळेत मराठी, आणि मधल्या सुट्टीत दोन्हींची खिचडी!

आमच्या शाळेत शनिवारी शेवटचा तास गोष्टीचा असतो. गोष्टी सांगायची आमची एक खास पद्धत आहे. मी विचारतो, "क्रिक?" मुलं ओरडतात, "क्राक!" मग गोष्ट सुरू. कुणी "क्राक" म्हटलंच नाही तर गोष्ट नाही. ही पद्धत आमची नव्हे बरं का, ती आहे हैती देशाची. आपल्याकडे गोष्ट ऐकताना "हं, हं" असा हुंकार द्यावा लागतो ना, तसंच हे.

हैती कुठं आहे? नकाशात अमेरिकेच्या मधल्या भागाजवळचा कॅरिबियन समुद्र शोधा. तिथल्या एका मोठ्या बेटाचा पश्चिमेकडचा तुकडा म्हणजे हैती. तिथं पूर्वी फ्रेंचांचं राज्य होतं. उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत राबवायला त्यांनी आफ्रिकेतून लाखो माणसं पकडून आणली, गुलाम म्हणून. त्या माणसांना बरोबर काही आणता आलं नाही. गोष्टी मात्र आल्या, कारण गोष्टींना गाठोडं लागत नाही!

आफ्रिकेतल्या सेनेगल देशात एक हुशार ससा आणि एक खादाड, बावळट तरस यांच्या गोष्टी सांगतात. तिथल्या वोलोफ भाषेत तरसाला 'बुकी' म्हणतात. हैतीत तरस नाहीत. मग गोष्टीतला बुकी झाला एक भोळाभाबडा माणूस. त्याला सतत चकवणारा जो दुसरा, त्याचं नाव टी-मालिस. 'टी' म्हणजे छोटा, आणि 'मालिस' म्हणजे खोडी, लबाडी. छोटा लबाड!

त्यांची एक गोष्ट मी वर्गात सांगितली, ती ऐका. क्रिक?

बुकीला आपले करांद्यासारखे कंद बाजारात न्यायचे होते. शेजाऱ्यानं गाढव द्यायचं कबूल केलं होतं, पण गाढव पळालं. म्हणून बुकीनं एका श्रीमंत, कंजूष माणसाचा घोडा भाड्यानं ठरवला आणि थोडे पैसे आगाऊ दिले. तेवढ्यात गाढव परत आलं! घोडा नको झाला, पण कंजूष माणूस पैसे परत देईना. बुकी रडकुंडीला आला. टी-मालिस म्हणाला, "चल माझ्याबरोबर." तिथं जाऊन तो घोड्याच्या पाठीची मापं घ्यायला लागला. "इथं मी बसणार. इथं तू. इथं माझी बायको, इथं तुझी. मुलं इथं, आणि आजी इथं..." मालक घाबरला. "अरे, माझा घोडा मरेल!" टी-मालिस म्हणाला, "ठरलंय ते ठरलंय. आम्ही घोडा भाड्यानं घेतलाय." शेवटी मालकानं पैसे परत दिले आणि हात जोडले. बिचारा बुकी मात्र विचारच करत राहिला, की आजी त्या घोड्यावर मावली तरी कशी असती!

मुलं हसून लोळली. पुढच्या शनिवारी म्हणाली, "गुरुजी, आपल्याकडचा टी-मालिस सांगा." मला लगेच आठवण झाली जव्हारच्या गोष्टीची. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही ती दिली आहे.

गोष्ट अशी. जव्हारच्या मुलखात फार पूर्वी एका वारली राजाचं राज्य होतं. जयबा मुकणे नावाचा एक महादेव कोळी सरदार त्याच्याकडे आला आणि म्हणाला, "एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मला दे." एवढीशी जागा! राजा हो म्हणाला. जयबानं ते कातडं कापून त्याच्या बारीक बारीक वाद्या केल्या, एकाला एक जोडल्या आणि त्या दोरीनं राजाचा सगळा मुलूखच वेढून टाकला. वारली राजाला मग उत्तरेकडचा गंभीरगड आणि आसपासचा प्रदेश देण्यात आला.

मी कात्री आणि एक जुनं पोस्टकार्ड घेऊन आलो होतो. तुम्हीही करून बघा. कार्ड लांबीत मधोमध दुमडायचं. आधी दुमडीकडून एक चीर, मग कडेकडून एक, अशा आळीपाळीनं जवळजवळ चिरा द्यायच्या. प्रत्येक चीर पलीकडचं टोक येण्याआधी थांबवायची. पहिली आणि शेवटची चीर दुमडीकडूनच हवी. मग दोन्ही टोकांच्या पट्ट्या सोडून मधली दुमड कापत जायचं. हळूच उलगडलं, की एवढी मोठी माळ होते, की तिच्यातून माणूस आरपार जातो. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा त्या पोस्टकार्डातून बाहेर आला, तेव्हा केवढा कल्ला झाला!

फक्त एक मुलगी हसली नाही. चौथीतली, खिडकीजवळ बसणारी. तास सुटल्यावर ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

"गुरुजी, म्हणजे आमचा राजा येडा होता?"

मला काही उत्तरच सुचेना. सगळा वर्ग वारली मुलांचा, आणि मी त्यांना त्यांच्याच राजाच्या फजितीवर हसवलं होतं. ती म्हणाली, "माझं आजोळ गंभीरगडाखाली आहे. आजीला इचारू?"

मी म्हटलं, "विचारू. मीपण येतो."

रविवारी पहाटे मी, ती मुलगी आणि तिचे वडील निघालो. चारोटीला मुंबई–अहमदाबाद महामार्ग ओलांडला. महालक्ष्मीच्या डोंगराचा मुसळासारखा सुळका उजाडताना दिसत होता. कासा गेलं, पुढं सायवनचा रस्ता लागला. जीपमध्ये इतकी माणसं होती, की मला टी-मालिसच्या घोड्याची आठवण झाली! भात कापून झालेलं होतं. खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. एका वळणावर मुलीनं बोट दाखवलं, "तो गड!"

गंभीरगड सुमारे २,२५० फूट उंच आहे. खाली जंगल आणि वर उघडा खडक. जव्हारपासून तो उत्तरेला साधारण वीस मैलांवर आहे. आम्ही आधी गड चढलो. वर पडक्या तटाचे अवशेष आहेत. राजवाडा वगैरे काही नाही. आम्ही सावलीला बसलो. मी वहीत गणित मांडलं. समजा, बैलाचं कातडं चार चौरस मीटर आहे, आणि त्याची दोन मिलिमीटर रुंदीची वादी काढली. तर ती भरेल दोन हजार मीटर, म्हणजे दोन किलोमीटर लांब. तिनं चौकोन आखला, तर एकेक बाजू ५०० मीटर. आतली जमीन २५ हेक्टर, म्हणजे साठ एकरांहून जास्त. एका कातड्यात साठ एकर! पण वरून दिसणारा डोंगरांचा पसारा बघितला, तर साठ एकर म्हणजे एक ठिपका. सगळा मुलूख काही त्यात मावत नाही.

"म्हणजे गोष्ट खोटी?" मुलीनं विचारलं.

मी तिला सांगितलं, की हीच गोष्ट आफ्रिकेच्या उत्तर टोकाला, कार्थेज शहराबद्दल दोन हजार वर्षांपूर्वीपासून सांगतात. तिथं डिडो नावाच्या राणीनं असंच कातडं कापून शहरासाठी टेकडी मिळवली म्हणे. अशा गोष्टी देशोदेशी फिरतात. जव्हारचा लेखी इतिहास बघितला, तर १३४३ साली दिल्लीच्या सुलतानानं जयबाचा मुलगा नेमशहा याला राजा म्हणून मान्यता दिली, आणि ते राज्य १९४८ साली विलीन होईपर्यंत टिकलं. कातड्याची गोष्ट मात्र लोकांच्या तोंडची.

तिचे वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "गुरुजी, कातडं खरं का खोटं, देव जाणे. कागद मात्र खरा होता." त्यांनी वायव्येकडे हात केला. "तिकडं तलासरी. माझ्या आज्यानं लग्नाला सावकाराकडनं पैसे घेतले. कागदावर अंगठा उठवला. मग जन्मभर तो आणि आजी त्याच्याच घरी राबली."

मुलांनो, अशा माणसांना 'लग्नगडी' म्हणत. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोनं मालकाकडे बिनपगारी राबायचं. कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नसे, म्हणून कर्ज कधी फिटतच नसे. जमिनीही अशाच अंगठ्यांनी गेल्या. १९४५ सालच्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच वारली मेले. पण वेठ आणि लग्नगड्याची चाल बंद पडली. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं आहे. मोठे झालात की नक्की वाचा.

उतरून आजीच्या घरी गेलो. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण. आजीनं कोरा चहा दिला आणि नागलीची भाकर. नातीनं बसल्या बसल्या कातड्याची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "आपला राजा येडा होता का गं?"

आजी वारलीत बोलली, मी ते आपल्या मराठीत लिहितो.

"येडा कशाचा? शब्द दिला होता त्यानं. कातडं फाडताना बघितलं नसेल काय? त्याच्याकडे माणसं होती, तीरकामठे होते. नाही म्हटलं असतं, तर कोण काय करणार होतं? पण दिलेला शब्द पाळला. ज्यानं शब्दात फट शोधली, त्याला विचारा की!"

मुलगी माझ्याकडे बघून हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

मला टी-मालिस आठवला. मापं त्यानंही घेतली होती, पण गरिबाचे अडकलेले पैसे सोडवायला. मळ्यांत राबणाऱ्या माणसांना मालकाशी ताकदीनं भिडता येत नव्हतं. म्हणून त्यांच्या गोष्टींत छोटा माणूस डोकं चालवतो. खरं तर पुढं ते लोक ताकदीनंही भिडले. १७९१ साली त्यांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. हुशारी दोघांकडेही होती, टी-मालिसकडे आणि सावकाराकडेही. हसायचं कुणाबरोबर, हे मी गोष्ट सांगण्याआधी बघायला हवं होतं.

आम्ही उठणार, तेवढ्यात मुलीच्या मामानं पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला. वनपट्ट्याचा कागद. २००६ साली संसदेनं वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलातली जमीन कसणाऱ्या आदिवासींना तिचा हक्क मिळतो, जास्तीत जास्त चार हेक्टर. आजीचा अर्ज मंजूर होऊन हा कागद आला होता.

मामा मला म्हणाला, "गुरुजी, एकदा वाचून दाखवा. मोजणीला मीच हद्दीवरनं फिरलो होतो. पण लिहिलंय तेवढंच का, ते कळत नाही."

मी हात पुढं केला आणि मागं घेतला. कागद मुलीच्या हातात दिला. चौथीतली मुलगी, सरकारी मराठी! अडखळत अडखळत ती वाचायला लागली.

"क्षेत्र... शून्य हेक्टर, ऐंशी आर."

शंभर आर म्हणजे एक हेक्टर. ऐंशी आर म्हणजे जवळजवळ दोन एकर. मी बोटांवर हिशेब करून सांगितला. मामानं मान हलवली.

"पूर्वेस ओहोळ," मुलीनं वाचलं.

"हं," आजी म्हणाली.

"पश्चिमेस... पायवाट."

"हं."

"उत्तरेस वन. दक्षिणेस..." इथं शेजाऱ्याचं नाव होतं.

"हं," आजी म्हणाली. "बरोबर आहे."

आजी डोळे मिटून ऐकत होती, अगदी गोष्ट ऐकतात तशी. खाली तिचा निळा अंगठा होता. मुलीनं त्यावरून हळूच बोट फिरवलं, कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि पिशवीला गाठ मारली.

परतीच्या जीपमध्ये ती झोपून गेली. पुढच्या शनिवारी मी वर्गात "क्रिक?" म्हणणार, तेवढ्यात तीच उठून उभी राहिली. "आज गोष्ट मी सांगणार," म्हणाली. "गंभीरगडच्या राजाची."

"क्राक!" सगळा वर्ग ओरडला. मीसुद्धा.