दुरुस्ती

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत इंदूरला जाण्याचा योग आला. माझे साडू नोकरीनिमित्त तिकडेच स्थायिक झाले आहेत. ‘एकदा आमचे इंदूर पाहून जा,’ असे ते कितीतरी वर्षे म्हणत होते आणि मी शाळेच्या कामाची सबब पुढे करीत होतो. या खेपेस सौभाग्यवतीने आधी तिकिटे काढली आणि मग मला सांगितले.

बेळगावच्या मराठी माणसाला इंदूर म्हणजे घराण्याची दूरदेशी गेलेली, पण भाग्यवान निघालेली शाखा वाटते. मल्हारराव होळकरांनी माळव्यात पाय रोवले, त्यांच्या सुनेने, अहिल्याबाईंनी, महेश्वराहून १७६७ ते १७९५ असा आदर्श कारभार केला आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली, हे मी वर्गात तीस वर्षे शिकवीत आलो आहे. साहित्य संमेलन २००० साली आमच्या बेळगावला भरले आणि लगेच २००१ साली इंदूरला, याचेही मला अप्रूप होते. आणखी एक तारीख दोन्ही गावांना समान आहे. १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी इंदूर मध्य प्रदेशात गेले आणि बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात. त्या तारखेचा सल आम्ही अजून बाळगून आहोत. इंदूरची मराठी माणसे ती तारीख कशी सांभाळतात, हे पाहण्याची मला उत्सुकता होती.

साडूंना कचेरी होती. त्यांनी आमच्यासोबत शहर दाखवणारा एक मुलगा ठरवून दिला. वय बावीस-तेवीस, चटपटीत, गळ्यात मफलर. पोहे-जिलेबीचा नाश्ता आटोपून आम्ही राजवाड्यासमोर उतरलो. मुलाने हिंदीत सुरुवात केली. मी आणि सौभाग्यवती आपसात मराठीत काहीतरी बोललो, तसा त्याचा चेहरा एकदम उजळला.

‘‘काका, तुम्ही मराठी आहे का? आम्हीपण मराठी! माझे आजोबा तर एकदम चांगली मराठी बोलायचे. मी तुम्हाला मराठीतच सांगतो ना!’’

आणि तो सांगू लागला. ‘‘हे जे रजवाडा आहे ना काका, सन १७४७ मध्ये मल्हारराव महाराजने बनवायला चालू केलं. सात मंजिला आहे. खालच्या तीन पत्थरच्या, वरच्या चार लाकडाच्या. तीन बार आग लागून गेली. आखरी आग १९८४ च्या दंग्यात लागली, तेव्हा...’’

‘‘मंजिला नव्हे, मजले,’’ मी म्हणालो. ‘‘पत्थर नव्हे, दगड. आणि महाराजने नव्हे, महाराजांनी म्हणावे.’’

मी रागाने बोललो नव्हतो. वर्गात बोलतो तसेच बोललो. मुलगा ‘जी’ म्हणाला आणि पुढचे वाक्य जरा जपून बोलला. त्यात मी आणखी एक लिंग दुरुस्त केले. आतल्या मल्हारी मार्तंडाच्या देवळापाशी आलो तेव्हा तो हिंदीत बोलत होता. अस्खलित, नेटकी हिंदी. बोलणे केव्हा बदलले ते मला कळलेही नाही.

लालबाग पॅलेसमध्येही तेच. हा राजवाडा १८८६ ते १९२१ असा टप्प्याटप्प्याने बांधला गेला, त्याचे मुख्य फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर आहे, हे सारे त्याने उत्तम सांगितले, पण हिंदीत. ‘काका’ जाऊन ‘सर’ आले होते. मी मुख्याध्यापक आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते!

बाहेर बाकावर बसलो असता सौभाग्यवती हळूच म्हणाली, ‘‘इथंही शाळा भरवलात? किती हौसेनं बोलत होतं पोरगं.’’

मी उत्तर दिले नाही. मला एकाएकी पुण्यातली एक दुपार आठवली.

एम.ए.साठी मी बेळगावहून पुण्याला गेलो, त्याच्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. वर्गात कादंबरीवर चर्चा चालली होती. मी उभा राहून म्हणालो, ‘‘सर, मी ती कादंबरी वाचलो.’’ वर्ग खो-खो हसला. सरांनीही हसत ‘वाचली’ असे दुरुस्त केले. चूक काय झाली ते मला पुढे व्याकरण शिकताना उमगले. प्रमाण मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या मागून जाते, ‘मी कादंबरी वाचली’. कन्नडमध्ये ते कर्त्याच्या मागून जाते. शतकानुशतके कानडी शेजाऱ्यांच्या संगतीत राहिलेली आमची माणसे ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी काम केलो’ म्हणतात. माझी आजी जन्मभर तसेच बोलली आणि तिच्या मराठीपणाबद्दल कोणी कधी शंका घेतली नाही. पण त्या दुपारनंतर मी वर्गात वर्षभर तोंड उघडले नाही. आणि सुटीत घरी आलो की आजीलाच दुरुस्त करू लागलो.

इंदूरच्या त्या मुलाच्या मराठीत हिंदी शिरली होती, माझ्या मराठीत कानडी. फरक एवढाच की, मी माझी खरडून काढली आणि तिच्या जागी लाल शाईचे पेन खिशाला लावले. आज आमच्या शाळेची पटसंख्या वर्षावर्षाला घसरते आहे. सभांतून मी परिस्थितीला आणि पालकांना बोल लावतो. पण मराठी बोलू पाहणारे एक पोर माझ्यासमोर पाच मिनिटांत हिंदीत गेले, याचा बोल कोणाला लावणार?

मग आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व आठवले. कानडी घरात जन्मले, मुंबईत शिकले, १९४८ च्या सुमारास क्षयाने आजारी असता कोरड्या हवेसाठी या इंदूरजवळच्या देवासला येऊन राहिले आणि तिथेच रमले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी रस्त्यावरची माळवी लोकगीते कानांत साठवली. मराठी नाट्यपदे गायली, कबीर गायला. एका भाषेने दुसरीला ढकलून द्यावे लागले नाही.

संध्याकाळी शेवटचा मुक्काम कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी होता. होळकर घराण्यातल्या दिवंगतांची ही दगडी स्मारके कान्ह नदीच्या काठी उभी आहेत. खांबांवर मावळतीचे ऊन होते. मुलगा पायरीवर उभा राहून ‘सर, ये छत्रियाँ...’ असे सुरू करणार, तोच मी त्याला थांबवले.

‘‘बाळ, सकाळी मी तुला उगीच टोकलो. मी चूक केलो.’’

शब्द तोंडातून गेल्यावर माझे मलाच ऐकू आले. ठरवून बोललो असतो तर कदाचित ते इतके सरळ आले नसते. तीस वर्षांत असे बोललो नव्हतो.

मुलगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग मफलर सावरून, अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘‘काका, ‘मी चूक केली’ असं असतं ना?’’

सौभाग्यवतीला हसू आवरेना. मलाही आवरेना. मी त्याला आमच्याकडची ‘मी भाकरी खाल्लो’ सांगितली, तशी त्याने ‘आमचे आजोबा पण काहीतरी अलगच बोलायचे’ म्हणत त्यांचे दोन-तीन शब्द ऐकवले. त्यांतला एक शब्द मी आजीनंतर कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

छत्र्यांची सगळी माहिती मला मराठीत मिळाली. कोणती छत्री कृष्णाबाईंची, कोणती दुसऱ्या तुकोजीरावांची, नक्षी कुठे कशी आहे, सारे त्याने दाखवले. त्यात चार मंजिला आणि दहा पत्थर आले असतील. मी मोजले नाहीत.