माळा आणि पन्हाळा

घर कितीही लहान असो, त्यात एक जागा अशी असतेच, की जिच्याकडे कोणाचे लक्ष नसते आणि जिच्यावर भरवसा मात्र सर्वांचा असतो. जुन्या घरांत ही जागा म्हणजे माळा. जी वस्तू हाताशी नको आणि टाकवतही नाही, तिची रवानगी माळ्यावर होते. कान तुटलेला कप, एका पायाने अधू झालेला पाट, फुटक्या काचेचा कंदील, मागल्या पाच वर्षांची वर्तमानपत्रे, हे सारे तेथे गुण्यागोविंदाने नांदत असतात. “राहू दे, पुढेमागे उपयोगी पडेल,” हा त्या राज्यात प्रवेश मिळवण्याचा परवाना. हे ‘पुढेमागे’ बहुधा कधीच उगवत नाही. कारण ज्या दिवशी ती वस्तू लागते, त्या दिवशी ती सापडत नाही. मग आपण बाजारातून नवी विकत आणतो. घरातील अव्यवस्था ही अशी गुपचूप पैसे खाणारी गोष्ट आहे.

हे मला कळले ते १९६८ साली. तेव्हा आम्ही सांगलीला एका जुन्या वाड्यातील दोन खोल्यांत राहत होतो. आजी, आप्पा, आई, ताई आणि मी, अशी पाच माणसे. आप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पगार बेताचा; पण महिनाअखेर कोणाकडे हात पसरावा लागत नसे, याचा आईला मोठा अभिमान होता.

त्या वर्षी नवरात्रापूर्वी घर झाडताना आजी सहज म्हणाली, “डोळे मिटण्यापूर्वी एकदा पन्हाळा पाहावा, असे फार वाटते.” आजीचे माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात होते. लग्न होऊन ती सांगलीला आली, त्याला पन्नासाहून अधिक वर्षे लोटली होती. माहेरची माणसे पांगली, घर पडले, आणि मग तिकडे जाण्याचे काही निमित्तच उरले नाही. तिचे गुडघे आताशा कुरकुरू लागले होते. आणखी एक-दोन वर्षांनी तिला एस. टी.ची पायरी चढता येईल की नाही, हे सांगता येत नव्हते. आप्पा काही बोलले नाहीत. पण त्या रात्री त्यांनी वही काढली आणि हिशेब मांडला.

प्रवासाचे भाडे २२ रुपये, कोल्हापुरातील टांगा व किरकोळ खर्च ८ रुपये, शिधा ६ रुपये आणि अडीअडचणीसाठी ४ रुपये, असे एकूण ४० रुपये लागणार होते. मुक्काम आजीच्या भाच्याकडे करायचा असल्यामुळे तो खर्च नव्हता. घरखर्चातून वाचवून आईने डब्यात टाकलेले पैसे मोजले, ते भरले १२ रुपये ४० पैसे. आप्पांनी वही मिटली. तेवढ्यात आईची नजर वर माळ्याकडे गेली आणि ती म्हणाली, “आधी हा रिकामा करू या. काय निघते ते पाहू.”

पुढचा रविवार आमच्या घरात उत्सवासारखा गेला. आईने पहिलाच नियम घातला : एकेक वस्तू काढून परत जागेवर ठेवायची नाही, सगळे खाली उतरवायचे. अर्धेमुर्धे आवरले, तर पसारा फक्त जागा बदलतो. दोन तासांत वाड्याचा चौक आमच्या सामानाने भरून गेला. एवढे सामान आपल्या डोक्यावर होते, याचे आम्हां सर्वांनाच आश्चर्य वाटले. मग तीन ढीग करण्यात आले : ठेवायचे, द्यायचे आणि विकायचे. प्रत्येक वस्तू हातात घेऊन आई एकच प्रश्न विचारी, “गेल्या वर्षभरात ही लागली होती का?” ‘हो’ असे उत्तर आले तर ती पहिल्या ढिगात जाई. ‘नाही’ असे आले, तर ती दुसऱ्या कोणाला लागेल का, हे पाहायचे. मला न होणारे सदरे शेजारच्या धाकट्या मुलाला झाले. ताईची जुनी पुस्तके खालच्या इयत्तेतील एका मुलीकडे गेली. रद्दी, बाटल्या आणि मोडके पत्रे विकून ११ रुपये ६० पैसे हाती आले.

त्याहून मोठा लाभ झाला तो हरवलेल्या वस्तू सापडल्याचा. आजीचा फिरकीचा तांब्या मिळाला. प्रवासात पाणी न सांडता नेण्यासाठी तोच हवा होता. नाहीतर नवा घ्यावा लागला असता. एक जाड कापडाची पिशवी मिळाली, आजोबांची लोकरी शाल मिळाली. जुन्या लुगड्यांचे एक गाठोडे निघाले. त्यांच्या आईने पुढे दोन गोधड्या शिवल्या.

मग सामान पुन्हा लावण्याचे काम. यात आईने एक पैसाही खर्च केला नाही. डालड्याचे रिकामे डबे धुऊन, उन्हात वाळवून घेतले. कणकेची खळ शिजवून ताईने प्रत्येक डब्यावर आत काय आहे, याची चिठ्ठी चिकटवली. रोज लागणारे सामान हाताच्या उंचीवर, महिन्याने लागणारे वरच्या फळीवर आणि वर्षातून एकदा लागणारे माळ्यावर, अशी वाटणी झाली. धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला. लोकरी कपड्यांतही तोच ठेवला. माळ्यावर जे ठेवले, त्याची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावली. त्यामुळे पुढे शोधाशोध करण्यासाठी शिडी लावण्याची वेळ फारशी आली नाही.

एवढे झाल्यावर चौकात एकच वस्तू उरली. ती म्हणजे तांब्याचे मोठे घंगाळ. त्याची एक कडी निखळलेली होती आणि तळाशी बारीकशी गळती होती. ते आजीला माहेराहून मिळाले होते. हिशेबात अजून १६ रुपये कमी होते. आजीने घंगाळावर हात ठेवला आणि ती शांतपणे म्हणाली, “हे मोडीत घाला. वर्षभरातच काय, दहा वर्षांत लागले नाही. सूनबाईच्या नियमाप्रमाणे हे विकायच्या ढिगातलेच.”

कोणीच काही बोलेना. तांब्याला भाव चांगला होता. घंगाळ विकले असते, तर दिवाळीच्या सुटीतच पन्हाळा झाला असता आणि वर काही पैसेही उरले असते. न विकावे, तर दोन-तीन महिने थांबावे लागणार. आणि थंडीत आजीचे गुडघे अधिकच धरत. कोणता मार्ग बरोबर, हे मला त्या वेळी उमगेना. आजही तो निर्णय सोपा होता, असे मी म्हणणार नाही.

शेवटी आई म्हणाली, “आत्याबाई, हे लागले नाही, कारण ते गळत होते. वस्तू निरुपयोगी असणे वेगळे आणि नादुरुस्त असणे वेगळे. आपण याला डाग लावून घेऊ. ते वापरात आले, तर माझा नियमही मोडत नाही.”

“आणि पन्हाळा?” आप्पांनी विचारले.

उत्तर आजीनेच दिले : “पन्हाळा कोठे पळून जातो? नाताळच्या सुटीत जाऊ. तोवर मी माझे पाय तयार ठेवते.”

आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून आजी रोज सकाळी वाड्याच्या चौकात फेऱ्या घालू लागली. ओसरीवर चिंचोके मांडून ठेवी; एक फेरी झाली, की एक चिंचोका इकडून तिकडे सरकवी. पहिल्या दिवशी पाच चिंचोके सरकले, महिन्याने वीस. आप्पांनी संध्याकाळचा हॉटेलातील चहा सोडला. त्यातून ९ रुपये साठले. ताईने आणि मी फटाक्यांचे ५ रुपये डब्यात टाकले. गोधड्या आईने घरीच शिवल्या, त्यामुळे शिलाईचे २ रुपये वाचले. सोळा रुपयांची भर अशी चौघांच्या हातांनी आणि आजीच्या पायांनी पडली.

सहलीची तयारीही माळा आवरण्यासारखीच असते, हे त्या दिवसांत माझ्या ध्यानात आले. सगळेच पाहू म्हटले, तर काहीच धड पाहून होत नाही. आप्पांनी प्रत्येकाला पन्हाळ्यावरील एकेक ठिकाण निवडायला सांगितले आणि त्याची माहिती आधी वाचून काढायला लावली. मी तीन दरवाजा निवडला, ताईने अंधारबाव, आप्पांनी सज्जा कोठी. आईने मात्र अंबारखाना मागितला. “राजे लोक धान्य कसे साठवीत, ते मला पाहायचे आहे,” असे ती म्हणाली. आजी म्हणाली, “मी तुम्हां सर्वांची ठिकाणे पाहीन.” सामान दोनच पिशव्यांत बसवायचे आणि ते आपले आपण वाहायचे, असे ठरले.

डिसेंबरच्या अखेरीस आम्ही निघालो. रात्री कोल्हापुरास मुक्काम केला, पहाटे महालक्ष्मीचे दर्शन घेतले आणि पन्हाळ्याची गाडी धरली. कोल्हापूरपासून पन्हाळा सुमारे २० किलोमीटरांवर आहे. गाडी थेट गडावर जाते. वळणे सुरू झाली, तशी आजी खिडकीबाहेर पाहून एकेका टेकडीकडे बोट दाखवू लागली. जोतिबाचा डोंगर दिसताच तिने हात जोडले.

शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून हा गड प्रसिद्ध आहे. कविवर्य मोरोपंत यांचा जन्म येथलाच, १७२९ सालचा. पण पन्हाळा म्हटले, की मराठी माणसाला आठवते ते १६६० साल. सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला होता आणि शिवाजी महाराज आत अडकले होते. चार महिन्यांहून अधिक काळ तो वेढा उठला नाही. अखेर जुलैतील एका रात्री, भर पावसात महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले. शिवा काशीद आणि बाजीप्रभू देशपांडे यांचे बलिदान त्याच प्रसंगातील. आप्पांनी ही हकीकत सज्जा कोठीत उभे राहून सांगितली, तेव्हा समोरच्या दरीत धुके होते आणि आम्ही सारे गप्प होतो.

तेथून आम्ही अंबारखान्याकडे आलो. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तेथील तीन कोठारांची नावे. गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्यात २५,००० खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. वरी, नागली आणि भात यांचा साठा येथे असे. जाड दगडी भिंती, कमानीदार छत आणि त्या छताला ठेवलेली भोके. बाहेरच्या पायऱ्यांनी वर जायचे आणि त्या भोकांतून धान्य आत ओतायचे. आई बराच वेळ ती रचना न्याहाळत राहिली. मग म्हणाली, “वरून भरायचे आणि खालून काढायचे. म्हणजे जुना दाणा आधी निघतो आणि नवा मागे राहतो.” त्यावर आप्पा म्हणाले, “गडावर असा दाणागोटा नसता, तर वेढ्यात एवढे दिवस निभाव लागला असता का?”

तेथेच सावलीत बसून आप्पांनी आम्हांला दोन गोष्टी सांगितल्या. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना पाठवलेले शिवाजी महाराजांचे एक पत्र उपलब्ध आहे. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरेल अशा बेताने खर्च करावी, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा जळत ठेवू नये. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, हीही काळजी त्या पत्रात आहे. दुसरी गोष्ट रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात गडावरचा केर खाली न टाकता जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात टाकून भाजीपाला करावा, असे सांगितले आहे. ज्यांनी राज्ये उभारली, त्यांना उंदीर आणि केरकचरा हे विषय क्षुल्लक वाटले नाहीत!

आजीने कोठाराच्या पायऱ्यांकडे पाहिले आणि ताईचा हात धरून ती एकेक पायरी चढू लागली. वर पोहोचल्यावर तिने पायथ्याकडच्या झाडांच्या एका पुंजक्याकडे बराच वेळ पाहिले. “तिथे आमची विहीर होती,” एवढेच ती म्हणाली. मग आम्ही तेथेच दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे खाल्ले; फिरकीच्या तांब्यातील पाणी प्यालो. त्याहून रुचकर जेवण मला आठवत नाही.

घरी परतल्यावर आईने फळीवरचे डबे पुन्हा एकदा लावले. जुनी डाळ पुढे आणि नवी मागे. “ही माझी गंगा कोठी,” असे ती हसून म्हणे. डाग लावलेले घंगाळ चिंचेने घासून लखलखीत झाले आणि रोजच्या स्नानासाठी वापरात आले. आजी १९७० साली गेली. घंगाळ अजून आमच्या घरी आहे.

त्यानंतर मी पुष्कळ प्रवास केले, दूरचे आणि अधिक खर्चाचेही. २०२५ साली ‘युनेस्को’ने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला, त्यांत पन्हाळाही आहे. ती बातमी वाचून मला आनंद झाला. पण आमच्यापुरता पन्हाळा त्याच्या कितीतरी आधी वारसा झाला होता. जी सहल सर्वांनी मिळून आखलेली असते, जिच्यासाठी प्रत्येकाने काहीतरी सोडलेले असते आणि जिच्यातून काहीतरी शिकून आपण घरी येतो, ती विसरली जात नाही. तिच्यासाठी फार पैसे लागतात असेही नाही.

मुलांनो, तुमच्या घरी कदाचित माळा नसेल. पण पलंगाखालचा खण असेल, कपाटाचा वरचा कप्पा असेल, निदान तुमचे स्वतःचे दप्तर तरी असेलच. एखाद्या सुटीच्या दिवशी ते सारे बाहेर काढा. काय ठेवायचे, काय द्यायचे आणि काय दुरुस्त करायचे, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा. विचारताना त्यांना कोठे जावेसे वाटते, हेही एकदा विचारा. त्यांचे उत्तर कदाचित फार दूरचे नसेल.