उसासा कोणाकडे पाहून टाकावा?

प्रपंचात मोठी संकटे क्वचित येतात; वैताग मात्र दररोज येतो. घरात मृत्यू झाला, पीक बुडाले, दुखणे आले, म्हणजे सारा गाव धावून येतो, जपमाळ होते, आणि मनुष्य देवाचे नाव घेऊन पुन्हा उभा राहतो. परंतु ऐन स्वयंपाकाच्या वेळी वीज गेली, विहिरीवरचा पंप बंद पडला, सांगितलेला निरोप मूल तिसऱ्यांदा विसरले किंवा शेजाऱ्याची कोंबडी आपल्या वाफ्यात शिरली, की त्याच मनुष्याचा तोल सुटतो. मोठ्या दुःखात जो ईयोबासारखा धीर धरतो, तोच चहात साखर कमी पडली म्हणून घर डोक्यावर घेतो. आम्ही धर्मगुरूही यास अपवाद नाही. दुपारी जरा डोळा लागला असता कोणी दार ठोठावले, तर दार उघडताना आमच्या मुखावर जो भाव असतो तो शुभवर्तमान सांगणाऱ्याचा असतोच असे नाही.

हा वैताग कसा जिंकावा याविषयी आम्ही व्यासपीठावरून पुष्कळ बोललो आहोत. त्याचा खरा धडा मात्र आम्हांस सुरत शहरी मिळाला, आणि तोही आमच्या हातून चूक घडल्यावर. ज्या कुटुंबात तो मिळाला त्याच्या संमतीने, नावे न देता, ती हकीगत येथे सांगतो.

आमची पहिली नेमणूक ज्या धर्मग्रामात झाली, तेथील एक तरुण पोटासाठी सुरतेस गेला होता. हाताचा कसबी, यंत्रमागांच्या दुरुस्तीचे काम त्याने धरले. त्याचा विवाह आम्ही लाविला. आमच्या हातून लागलेल्या पहिल्या काही विवाहांपैकी तो एक. पुढे पत्नीस व म्हाताऱ्या आईस त्याने सुरतेस नेले. मुलगी तेथेच जन्मली. मागील पावसाळ्यात त्याच्या पत्नीचा आम्हांस फोन आला. ती म्हणाली, “फादर, घरात बोलायची सोय राहिली नाही. हे एक तर ओरडतात, नाहीतर दगडासारखे गप्प बसतात. पोर बापासमोर जात नाही. मी आता तिला घेऊन कायमची माहेरी येते.” आम्ही तिला आठ दिवस थांबण्यास सांगितले आणि गाडी पकडली.

पालघर, डहाणू, वापी, वलसाड, नवसारी करीत गाडी दीड तास उशिराने निघाली होती ती तशीच उशिराने सुरतेस पोहोचली. वाटेत आमच्या मनात त्या शहरातील एका जुन्या धर्मगुरूची आठवण घोळत होती. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, त्या वेळी तेथे कापुचिन संघाचे फादर अँब्रोझ राहत होते. पाद्री लोक सज्जन आहेत, त्यांस उपद्रव देऊ नये, असे सांगून महाराजांनी त्यांचे निवासस्थान सुरक्षित ठेविले, अशी नोंद बर्निये या फ्रेंच प्रवाशाने करून ठेविली आहे. सज्जनपणाची अशी कीर्ती काही लुटीच्या दिवशी मिळत नाही. आधीच्या शेकडो साध्या दिवसांत ती मिळवावी लागते. हा विचार आम्हांस फार आवडला. पुढील प्रवचनात तो घालावा असेही ठरविले. आणि त्याच संध्याकाळी आमचा स्वतःचा साधा दिवस आम्ही बिघडविला.

उधन्याच्या बाजूस एका चाळीत दोन खोल्यांचे त्यांचे घर आहे. आम्ही दारात उभे राहून हाक मारली. तो पाठमोरा बसला होता; वळला नाही. दूरदर्शन संच मोठ्याने चालू होता. पत्नीने पुढे होऊन सांगितले तेव्हा तो उठला, हसला, पाया पडला. परंतु आम्ही काही विचारले की “काय?” असे अशा चढ्या स्वरात म्हणे, की आम्हांस तो उद्धटपणा वाटला. जेवणापूर्वी आम्ही त्यास जवळ बसवून अर्धा तास समजाविले. संत पौल इफिसकरांस लिहितात की पतीने पत्नीवर ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर केली तशी प्रीती करावी. ते सारे आम्ही हळू, गोड स्वरात त्याच्यापुढे मांडले. तो प्रत्येक वाक्यास मान हालवीत होता. आम्हांस वाटले, बीज चांगल्या जमिनीत पडत आहे. आमचे बोलणे संपले तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, “फादर, मासळी चालेल ना?”

वाचकहो, त्या क्षणी आम्हांस जो संताप आला तो सांगण्याजोगा नाही. आम्ही एक मोठा उसासा टाकला, आणि त्याने तो पाहावा अशाच रीतीने टाकला. त्याने पाहिला. त्याचा चेहरा उतरला. रात्री कोणी फारसे बोलले नाही. त्याची आई कोपऱ्यात जपमाळ ओढीत डोळे पुशीत होती.

दुसऱ्या दिवशी त्याची दिवसपाळी होती. “चला फादर, माझे काम पाहा,” असे म्हणून तो आम्हांस बरोबर घेऊन गेला. आम्ही काहीशा अनिच्छेनेच गेलो. सुरतेत असे लाखो माग आहेत आणि खानदेशापासून ओरिसापर्यंतचे कष्टकरी त्यांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करितात, हे आम्ही ऐकून होतो. परंतु ऐकणे निराळे. दार उघडताच आवाजाची जणू भिंतच अंगावर कोसळली. हातभर अंतर सोडून मागांच्या रांगा लागलेल्या. प्रत्येक मागाचा धोटा इकडून तिकडे आपटत होता. पायांखालची फरशी थरथरत होती. आम्ही त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, तरी आमचे शब्द आमच्याच कानी पडेनात. तेथे मात्र तो अगदी मोकळा होता. चार मागांपलीकडच्या सोबत्याशी तो बोटांनी बोलत होता, ओठ पाहून उत्तर देत होता, हसत होता. त्या कारखान्यात बहिरे असे आम्ही एकटेच होतो.

पाव तासाने बाहेर आलो तो आमच्या कानांत शिटी वाजत होती. आम्ही खुणेने ते सांगितले. तो हसून मोठ्याने म्हणाला, “पहिल्या वर्षी माझेही कान असेच वाजत, फादर. मग सवय झाली.”

ती सवय नव्हती. आपल्या अंतःकर्णात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. आवाज टिपण्याचे काम त्या करितात. ८५ डेसिबलांच्या आवाजात दिवसातून आठ तासांहून अधिक राहू नये असे तज्ज्ञ सांगतात, आणि मागांच्या कारखान्यातील आवाज ९० च्याही वर सहज जातो. अशा आवाजात वर्षानुवर्षे राहिल्याने त्या पेशी मरतात, आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रथम जातात ते बारीक, उंच स्वर. म्हणजे मनुष्यास बोलणे ऐकू येते, पण शब्द उमगत नाही. पुरुषाचा जाड आवाज कळतो, पण बायकोचे व लेकराचे बोलणे धूसर होते. हळू आवाजातला उपदेश तर मुळीच पोहोचत नाही. आपल्या देशाच्या १९४८ च्या कारखाना-कायद्याच्या परिशिष्टात अशा बहिरेपणाची गणना कामातून उद्भवणाऱ्या रोगांत झाली होती. आमच्या त्या भल्या मनुष्यास मात्र आपणास काही रोग आहे हेच ठाऊक नव्हते.

त्या रात्री आम्ही दूरदर्शन संच बंद करविला, सर्वांस दिव्याखाली समोरासमोर बसविले, आणि जे पाहिले ते मोठ्याने, स्पष्ट सांगितले. पत्नी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे हे माझ्यावर रागावून ओरडत नव्हते?” तिचे ओठ पाहून त्याने ते ओळखले. तो म्हणाला, “मला वाटे, या घरात मला कोणी उत्तरच देत नाही.” मुलगी उठली, बापाच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि त्याच्या गालास हात लावून सावकाश म्हणाली, “बाबा, मी देते उत्तर. तुम्ही माझ्याकडे बघत नाही.” आम्ही उठून बाहेर गॅलरीत गेलो. तेथे आम्हांस काही काम नव्हते.

गॅलरीत उभे असता संत मार्क याच्या सातव्या अध्यायातील प्रसंग आम्हांस आठवला. प्रभू येशूकडे लोकांनी एका बहिऱ्या व तोतऱ्या मनुष्यास आणिले. प्रभूने त्यास गर्दीतून एकीकडे नेले. त्याच्याशी शब्दाने बोलण्यापूर्वी त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेस स्पर्श केला. म्हणजे ज्या भाषेत त्यास कळेल त्या भाषेत प्रभू प्रथम बोलला. मग स्वर्गाकडे पाहून त्याने उसासा टाकला, आणि ‘इप्फाथा’, मोकळा हो, असे म्हटले. हा शब्द स्नानसंस्काराच्या विधीतही आहे. बालकाच्या कानास व मुखास स्पर्श करून आम्ही तो कितीदा उच्चारिला असेल! परंतु प्रभूनेही उसासा टाकला, इकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते.

प्रभूस उसासा आला. मनुष्याचे दुःख पाहून, आमच्यासारखे हृदय धारण केलेल्या त्याच्या छातीतून तो निघाला. म्हणून उसासा येणे हे पाप नव्हे. भेद आहे तो इतकाच: प्रभूने तो स्वर्गाकडे पाहून टाकला, आणि त्याचे हात त्या वेळी मनुष्याच्या सेवेत होते. आम्ही आदल्या रात्री तो मनुष्याकडे पाहून टाकला, आणि आमचे हात मांडीवर होते. वर टाकलेला उसासा प्रार्थना होतो. समोरच्यावर टाकलेला उसासा धोंड्यासारखा लागतो.

कोणी म्हणेल, फादर, तेथे कारण सापडले म्हणून बरे झाले. जेथे कारणच नाही, केवळ माणसाचा स्वभावच तसा आहे, तेथे काय करावे? अशा वेळी बाळ येशूच्या संत तेरेजेकडे पाहावे. ती लिझिएच्या मठात राहिली व १८९७ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी वारली. प्रार्थनेच्या वेळी तिच्या मागे बसणारी एक भगिनी सतत एक लहानसा, कंटाळवाणा आवाज करी. मागे वळून एकदा रोखून पाहावे, असे तेरेजेस फार वाटे. सहन करिता करिता तिला घाम फुटे. शेवटी तिने तो आवाज टाळण्याचे सोडून तो लक्षपूर्वक ऐकावयाचे ठरविले, जणू ते मधुर संगीतच आहे, आणि तेच गायन तिने प्रभूस अर्पण केले. पुढे ख्रिस्तसभेने तिला आचार्यपद दिले, १९९७ साली. ज्या धड्यांमुळे ती आमची गुरू झाली त्यांत हा एक आहे. तिला वैताग येत नव्हता असे नाही. तो कोणास द्यावा हे तिला ठाऊक होते.

मात्र सहन करणे म्हणजे अन्यायापुढे डोळे मिटणे नव्हे. कामकऱ्याचे कान हे देवाचे दान आहे. ते राखण्याची साधने त्यास मिळालीच पाहिजेत, आणि मिळाल्यावर त्याने ती वापरलीही पाहिजेत. आमचा मिस्त्री आता कानांवर आवरण घालून कामास जातो. रुग्णालयात त्याची तपासणी झाली. गेलेले ऐकणे परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. उरलेले राखता येईल. कानात लावावयाचे यंत्र त्याने घेतले आहे. ते त्यास नेहमी आवडते असे नाही. पत्नी अजून कधी कधी चिडते, तोही ओरडतो. परंतु ती माहेरी गेली नाही. त्याच्याशी बोलावयाचे असले म्हणजे ती प्रथम त्याच्या दंडास हात लाविते, मग बोलते. त्या घरात रात्रीची जपमाळ आता समोरासमोर बसून होते.

प्रिय वाचकहो, तुमच्या घरात कोणी वारंवार विसरत असेल, उत्तर देत नसेल, उगाच खेकसत असेल, तर निवाडा करण्यापूर्वी एकदा त्याच्या कामाच्या जागी जाऊन या. सुनेने सासूचे दुखरे गुडघे पाहावे. सासूने सुनेची पहाटेची धावपळ पाहावी. बापाने मुलाचे दप्तर उचलून पाहावे. प्रीती सर्व काही सोसते, असे आपण विवाहात वाचतो. सोसण्यापूर्वी ती जाऊन पाहते, हे आम्ही सुरतेत शिकलो. आणि पाहूनही काही उलगडले नाही, तर उसासा अवश्य टाकावा. फक्त मान जरा वर करावी.

सुरतेहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी, दुपारी आमचा डोळा लागला असता, कोणी दार ठोठावले. आम्ही उठताना छताकडे पाहून उसासा टाकला आणि मग कडी काढली. दारात एक म्हातारी होती. ती तीन मैल चालून आली होती, आणि तिला फक्त प्यावयास पाणी हवे होते.