मोटार पाहुणी

फेब्रुवारीत आमच्या आठवीतल्या एका मुलीची सायकल बंद झाली. सरकारी योजनेतून मिळालेली सायकल होती. वाडीपासून शाळा तीन किलोमीटर, तेही राज्यमार्गावरून. ट्रकचा आरसा तिच्या खांद्याला लागला आणि ती रस्त्याकडेच्या चरात पडली. अल्लाहचा करम, हातावरच निभावलं. आम्ही दोघं नवरा-बायको त्याच शाळेत शिकवतो. तिचे अब्बा दाखला मागायला आले. म्हणाले, "सर, मॅडम, पोरगी जिवंत पाहिजे. शिक्षण राहिलं तर राहिलं." आम्ही त्यांना थांबायला सांगितलं, पण "तुमचंही बरोबर आहे" असं म्हणून गप्प बसलो. ते गप्प बसणं मनाला लागून राहिलं.

मे महिन्यात आमच्या भाच्यानं हट्टानं नेदरलँड्सला बोलावून घेतलं. तो उट्रेख्त शहरात नोकरीला आहे. अ‍ॅमस्टरडॅमला दोन दिवस राहून पुढचे सुमारे चाळीस किलोमीटर सायकलनं यायचं, ही कल्पना त्याचीच. भाड्याच्या दोन सायकली घेतल्या. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाड पिशव्या, वर कॅरिअरला बॅग. कपडे, रेनकोट, जानमाज आणि अम्मीनं दिलेली लोणच्याची बरणी. फोटो पाहून भाचा हसला, "मामू, मुमानी, संसार घेऊन निघालात का?"

कालव्याच्या काठचा रस्ता सपाट, पण वारा समोरून. भरलेली सायकल वाऱ्यात कशी जड होते, ते पहिल्या तासातच कळलं. पहाटे निघालो होतो, अकराच्या सुमारास उट्रेख्तला लागलो. भाचा सहाला घरी येणार, चावी त्याच्याकडे. मग सगळं ओझं घेऊनच शहर पाहायचं ठरलं.

कालवा ओलांडायला सायकलींचा एक झुलता पूल आहे, २०१७ साली खुला झालेला. डाफ्ने शिपर्स या धावपटूचं नाव त्याला दिलं आहे. पुलाचा उतार वळण घेत चक्क एका प्राथमिक शाळेच्या छपरावरून जातो. खाली वर्ग, वर सायकली! आम्ही मास्तर माणसं, कठड्याशी थांबून बराच वेळ पाहत राहिलो.

शहरात शिरताना छातीत धडधड होती. ओझ्यामुळे सिग्नलला पाय टेकवला की सायकल कलायची, आणि निघताना दोन-तीन झोके खायची. मागे सायकलींची रांग. पुढे मुलाला बसवलेल्या आया, दप्तरवाली पोरं, सत्तरीच्या आजीबाई. एका बाईंनी घंटी वाजवली आणि बाजूनं निघून गेल्या. बस, तेवढंच. मोटारींचा रस्ता वेगळा, सायकलींचा लाल डांबराचा वेगळा, सिग्नलही वेगळा. आमच्या चुकीची शिक्षा फार तर एक घंटी होती, जीव नव्हता.

काही रस्ते तर सगळेच लाल. तिथल्या पाटीवर सायकल मोठी आणि तिच्यामागे मोटार छोटी. त्या पाटीचा अर्थ, इथं मोटार पाहुणी आहे. पाहुण्यानं घरात कसं वागावं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या मागे एक मोटार खरोखरच पाहुण्यासारखी हळूहळू येत राहिली. हॉर्न नाही.

जोहरला लोंबोक मोहल्ल्यातल्या उलू मशिदीत गेलो. तुर्की लोकांनी उभारलेली, दोन मिनारांची. बाहेर सायकलींची दाटी. भरलेल्या सायकली सोडून नमाजला उभं राहायचं म्हणजे जीव खालीवर! पासपोर्टची पिशवी तेवढी सोबत घेतली. परत आलो तर बरणीसुद्धा जागेवर.

मग स्टेशन. तिथं जमिनीखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे, पहिले चोवीस तास फुकट. सायकल चालवतच आत जायचं. पण दुमजली घोड्यांत आमची लेकुरवाळी सायकल मावेना. तिथल्या कर्मचाऱ्यानं हातानंच खूण करून मोठ्या सायकलींची जागा दाखवली. म्हणजे आमच्यासारख्यांचाही विचार कुणीतरी आधीच केला होता.

रात्री जेवताना आम्ही म्हणालो, "हे लोक मुळातच शिस्तीचे." भाचा म्हणाला, "मामू, तसं नाही." मग त्यानं सांगितलं. १९७१ साली या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. विक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी सायकलनं शाळेला जाताना गेली. त्यांनी १९७२ मध्ये लेख लिहिला, 'मुलांची हत्या थांबवा'. पुढे त्याच नावानं आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद राहिल्या, तेव्हा मोकळा रस्ता कसा असतो, तेही लोकांनी पाहिलं. उट्रेख्तमध्येच जुना कालवा बुजवून मोटारींचा हमरस्ता केला होता. तो उखडून २०२० मध्ये पुन्हा पाणी आणलं. आम्ही दुपारी त्याच पाण्याकाठी बसून चपाती-लोणचं खाल्लं होतं.

त्या रात्री झोप लागेना. त्या बापानं मुलगी गमावून लेख लिहिला. आमची मुलगी वाचली होती, आणि आम्ही "तुमचंही बरोबर आहे" म्हणून मोकळे झालो होतो.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तिच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. अब्बांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपला रस्ता तसा कधी होणार?" उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, "माहीत नाही. पण तोपर्यंत आम्ही सोबत येऊ."

आता रोज सकाळी वाडीच्या नाक्यावरून सात मुली रांगेनं निघतात. एक जण पुढे, एक जण मागे, आम्ही दोघं सायकलवर. गतिरोधक आणि खचलेल्या साइडपट्टीसाठी पालकांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे. उत्तर अजून यायचं आहे. पहिला आठवडाभर तिचे अब्बा मोटारसायकलवर मागे मागे येत होते. हॉर्न न वाजवता.