आकाशातले पेव

(द्वितीय वर्ष कला)

'मेघ' म्हटले की कला शाखेच्या विद्यार्थ्याला कालिदास आठवावा, असा शिरस्ता आहे. आमच्या घरी मात्र मेघ आला तो पेढीवरून, बाबांच्या रिकाम्या डब्याबरोबर. एका संध्याकाळी चपला काढता काढता बाबा म्हणाले, "आपली खाती आता ढगात जाणार." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग परत कधी येणार?" आम्ही हसलो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, हे पुढे कळले.

माझे वडील सांगलीला गणपती पेठेतल्या एका घाऊक हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहेत. कोकणापासून विजापूरपर्यंतच्या दुकानदारांची उधारी तीस वर्षे त्यांच्या हातून गेली आहे. आधी खतावणीच्या लाल वह्यांतून, मग टॅलीमधून. टॅलीचा सर्व्हर मागच्या खोलीत लाकडी पाटावर बसलेला असे. लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू लागे आणि पुढे पेढा ठेवला जाई. रोज संध्याकाळी बाबा सगळ्या हिशेबाची नक्कल एका छोट्या हार्ड डिस्कवर घेत आणि ती डिस्क कुलपात ठेवत. कुलूप होते त्याच खोलीतल्या कपाटाला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा मी आठवीत होतो. आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. पेढीच्या भिंतीवर २००५ च्या महापुराची खूण होती. बाबांनी सर्व्हर त्या खुणेच्या वर, हातभर उंच फळीवर ठेवला आणि निश्चिंत मनाने घर गाठले. पाणी फळीच्याही वर चढले. पूर ओसरल्यावर चिखलातून सर्व्हर निघाला आणि कुलूपबंद कपाटातून चिखलाने भरलेली डिस्कही निघाली. मार्चअखेरची एक नक्कल ऑडिटरकडे होती. त्यानंतरच्या चार महिन्यांची उधारी बाबांनी आठवणीने, खिशातल्या वहीवरून आणि गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवरून पुन्हा उभी केली. पुष्कळ दुकानदार आपण होऊन चिठ्ठी घेऊन आले. काही आले नाहीत.

असे फक्त आमच्याच दिवाणजींचे झाले असे समजू नये. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरी ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या संगणककेंद्राला आग लागली. ज्या गिऱ्हाइकांच्या नकला त्याच आवारात होत्या, त्यांतल्या कित्येकांची माहिती कायमची गेली. तेथे अग्नी, येथे पाणी. कपाट मात्र तेच!

त्यानंतर सर्व्हर माडीवर गेला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. यंत्र कोरडे राहिले, पण पेढीपर्यंत पोहोचायलाच वाट नव्हती. हिशेब शाबूत आणि आम्ही घरात बसून! तेव्हा पुण्याहून इंजिनियर होऊन आलेल्या धाकट्या शेठनी क्लाउडची गोष्ट काढली.

बाबांना ती समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. बारा गावच्या चकत्या सांगून झाल्या, पण बाबांच्या गळी काही उतरेना. शेवटी त्यांनीच मला समजावले. "म्हणजे हरिपूरचं पेवच की रे!" सांगलीकरांना पेव सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. हरिपूरला जमिनीत खोल खड्डे आहेत. तोंड अरुंद, पोट मोठे. आतून गवताचे नि शेणाचे अस्तर लावून त्यात हळद भरायची, तोंड बंद करायचे. हळद वर्षानुवर्षे टिकते, कीड लागत नाही. पेव एकाचे, हळद दुसऱ्याची. व्यापाऱ्याने मालाचे तोंडही न पाहता नुसत्या पावतीवर सौदा करावा, अशी त्या पेवांची पत होती. क्लाउडही तसाच. यंत्रे दुसऱ्याची, इमारत दुसऱ्याची, माहिती आपली. हे 'आकाश'ही जमिनीवरच आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली केंद्रे सुरू केली, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत. भाडे वापराप्रमाणे. हळदीच्या हंगामात दहा माणसे कामाला असली तर दहांचे, पावसाळ्यात तिघांचे.

बाबांनी एवढेच विचारले, "२००५ ला पेवांत पाणी शिरलं होतं, ते माहीत आहे ना?"

एप्रिल २०२३ मध्ये, नव्या आर्थिक वर्षाच्या मुहूर्तावर, खाती हलली. दोन रविवारांत काम उरकले. त्यासाठी बोलावलेली मुले फार हुशार होती आणि फार घाईत होती. याच संदर्भात मी पुढे नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीची हकिकत वाचली. ऑगस्ट २००८ मध्ये तिच्या माहितीसाठ्यात बिघाड झाला आणि तीन दिवस ती गिऱ्हाइकांना चित्रपटांच्या डीव्हीडी पाठवू शकली नाही. त्या धड्यानंतर तिने क्लाउडवर जायचे ठरवले आणि जानेवारी २०१६ पर्यंत ती जातच होती. सात वर्षे! जुने सामान आहे तसे उचलून नेले तर जुनी दुखणीही बरोबर जातात, म्हणून तिने जवळजवळ सगळी व्यवस्था नव्याने बांधली. आणि सर्वांत शेवटी हलवले ते बिलांचे नि गिऱ्हाइकांच्या हिशेबाचे काम. आम्ही नेमके तेच सर्वांत आधी हलवले.

पहिल्या महिन्याचे बिल पाहून मोठे शेठ खुर्चीतून उठले. यंत्र रात्रंदिवस चालू राहिले होते. दिवा मालवावा तसे ते मालवायचे असते, हे कुणाच्या गावी नव्हते. पाचही जणांचा पासवर्ड एकच होता, आणि तो शेठच्या नातवाचे नाव होता. एकदा रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली आणि दिवसभर पेढीवर कोऱ्या कागदावर बिले लिहिली गेली. हे सगळे हळूहळू निस्तरले. धाकट्या शेठनी एक तक्ता करून भिंतीला लावला. यंत्र कोणी बंद करायचे, कोणाला काय उघडता येईल, नक्कल दुसऱ्या शहरी कधी जाईल, सारे त्यात आहे. पेववाला पेव सांभाळतो. आत काय भरले आणि पावती कोणाच्या हाती दिली, हे आपले आपण पाहायचे. एवढे उमजायला पेढीला वर्ष लागले.

पण खरा घाव टिंबांचा होता.

बाबांच्या टॅलीत काही खात्यांच्या नावापुढे टिंब असे. एक टिंब म्हणजे माल रोखीनेच. दोन टिंबे म्हणजे शेठना विचारल्याशिवाय देऊ नये. खाती हलवणाऱ्या मुलांना ती टिंबे म्हणजे टंकलेखनातल्या चुका वाटल्या. त्यांनी मोठ्या निगुतीने साफसफाई केली आणि सगळी नावे स्वच्छ झाली. महिनाभरात टिंबवाल्या तिघांना उधारीवर हळद गेली. त्यातले एक दुकान पुढे बंदच झाले. रक्कम सांगत नाही, पण त्या दिवाळीला पेढीवर बोनस निघाला नाही.

मोठे शेठ बाबांना म्हणाले, "दिवाणजी, तुम्ही तरी सांगायचं." बाबा म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही."

२०२४ च्या उन्हाळ्यात मी बारावीची परीक्षा देऊन घरी रिकामा बसलो होतो. धाकटे शेठ घरी आले. "दिवाणजीकाका, तुमच्या डोक्यात जे आहे ते लिहून काढायचंय. याला घ्या बरोबर, याचं मराठी चांगलं आहे." अशा रीतीने माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात माझा प्रवेश झाला. दोन महिने रोज रात्री जेवणानंतर बाबा सांगत आणि मी लिही. कोणत्या गावाला पट्टी कधी पाठवायची, कोणत्या बापलेकांची खाती दोन पण उधारी एक, कोणाची सही कोण करतो. दोनशे पानांची वही भरली. त्या वहीवरून नव्या व्यवस्थेत टिंबांच्या जागी वेगळे रकाने आले.

मधल्या एका रात्री बाबा सांगता सांगता थांबले. म्हणाले, "सगळं लिहून झालं की मग माझं काय काम?" मला उत्तर सुचले नाही. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याकडे अशा वेळी काहीतरी असायला हवे होते. मी पेनाचे टोपण लावत बसलो. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "टिंबं गेल्याचं मला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं."

"मग?"

"म्हटलं, कळू दे एकदा."

ती ओळ मी वहीत लिहिली नाही. आज लिहितो आहे, ती त्यांना विचारून. बाबांचा मला राग आला होता, हे खरे. आणि तीस वर्षे ज्या खोलीत त्यांनी दिवा लावला त्या खोलीचे काय करायचे, ते ठरवताना त्यांना कोणी हाकही मारली नव्हती, हेही खरे. यांतले कोणते जड, ते मला अजून तोलता आलेले नाही.

बाबा अजून पेढीवर जातात. महिन्यातून एकदा ते दुसऱ्या शहरातली नक्कल उतरवून घेतात आणि रोजमेळ जुळवावा तशी पैन् पै जुळवून पाहतात. हा परिपाठ त्यांनीच घातला. "नुसतं ठेवून काय उपयोग? काढून बघायला नको?" असे त्यांचे म्हणणे. पेव उघडले की आतली कोंदट हवा जाईपर्यंत माणूस खाली उतरवत नाहीत, हे त्यांनी लहानपणी पाहिले आहे.

हा लेख अंकासाठी देण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला. सगळा ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"एक चूक आहे. टिंबं दोन प्रकारची नव्हती, तीन प्रकारची होती."

"तिसरं तुम्ही सांगितलंच नाही!"

"तीन टिंबं म्हणजे, माणूस पुरात बुडालाय, तगादा लावू नये. ते शेठना माहीत नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं."

नव्या व्यवस्थेत तगाद्याचे निरोप दर सोमवारी आपोआप जातात. तीन टिंबांची किती खाती होती, असे मी विचारले. बाबांनी खिशातली वही काढली आणि बोटाने मोजली. सात.

त्यांच्यासाठी रकाना करून मागायचा की नाही, हे आमचे अजून ठरलेले नाही.