ऑडिट कुणाच्या हातात?

आपल्या चळवळीत 'ऑडिट' म्हटलं की तरुण कार्यकर्ते मान फिरवतात. ते सीएचं काम, आपलं काम रस्त्यावरचं, अशी समजूत. सामाजिक कार्यात मी पाहिलेले ऑडिटरही असेच. येतात, व्हाउचर तपासतात, सही-शिक्का करतात आणि जातात. ज्या वस्तीच्या नावाने पैसा आला तिथे त्यांची पायरी चढत नाही. पण हिशेबाकडे आपण पाठ फिरवली की काय होतं, ते अमेरिकेतल्या एका यंत्रणेच्या गोष्टीवरून समजून घेऊ.

'अमेरिकॉर्प्स' ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची राष्ट्रीय सेवा यंत्रणा. ती 1993 च्या कायद्याने उभी राहिली. तिच्यातला 'व्हिस्टा' हा गरिबीविरोधी कार्यक्रम तर 1965 पासूनचा. तुटपुंज्या भत्त्यावर तरुण मुलं-मुली शाळांत, गरीब वस्त्यांत, आपत्तीग्रस्त भागांत काम करतात. अनुदानाचा बराचसा पैसा राज्यांच्या आयोगांमार्फत स्थानिक संस्थांकडे जातो. त्यावर नजर ठेवायला स्वतंत्र महानिरीक्षक आहे. स्वयंसेवकाने दाखवलेले तास खरे आहेत का, मुलांमध्ये काम करणाऱ्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली का, असे प्रश्न तिथे विचारले जातात. हे प्रश्न कागदी नाहीत. सॅक्रामेंटो शहरातल्या एका संस्थेत स्वयंसेवकांना प्रमुखाची गाडी धुवायला लावल्याचा आरोप या कार्यालयानेच पुढे आणला. फौजदारी खटला झाला नाही, पण 2009 मध्ये अनुदानाची जवळपास निम्मी रक्कम परत करण्याची तडजोड झाली. म्हणजे ऑडिट राबणाऱ्याच्या बाजूनेही उभं राहू शकतं.

आता दुसरी बाजू. 2017 पासून सलग अनेक वर्षे लेखापरीक्षकांनी या यंत्रणेच्या वार्षिक हिशेबांवर मतच द्यायला नकार दिला, कारण मत देण्याइतका पुरावा दप्तरात नव्हता. माहिती-सुरक्षेची तपासणीही दरवर्षी होते. तिच्या पाच पायऱ्या आहेत, चौथी गाठली तरच व्यवस्था परिणामकारक मानतात. तिथेही ही यंत्रणा वर्षानुवर्षे कमी पडली.

एप्रिल 2025 मध्ये ट्रम्प सरकारने सुमारे 40 कोटी डॉलरची अनुदानं एका फटक्यात रद्द केली आणि नापास ऑडिटकडे बोट दाखवलं. पण 'मत देता येत नाही' याचा अर्थ 'चोरी सिद्ध झाली' असा होत नाही. हिशेब वॉशिंग्टनच्या मुख्यालयाचा बिघडला होता. बंद पडले ते गावोगावचे शिकवणी वर्ग आणि अन्नवाटप. काही राज्ये न्यायालयात गेली, तेव्हा जूनमध्ये त्यांच्यापुरती अनुदानं परत देण्याचा आदेश निघाला. जी गेली नाहीत, त्यांना त्या आदेशाचा उपयोग नव्हता.

हे आपल्या ओळखीचं नाही का? शिष्यवृत्तीत घोटाळा करतात संस्थाचालक. मग नवे दाखले, नवी पडताळणी आणि लांबलेला हप्ता येतो विद्यार्थ्याच्या वाट्याला. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर 'कॅग'चा 2018 चा अहवाल आहे, त्यात महाराष्ट्रही आहे. आपल्या किती वसतिगृहांत तो वाचला गेला?

बाबासाहेबांना हे कळत होतं. ब्रिटिश भारतात केंद्राचा पैसा प्रांतांकडे कसा जातो, यावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. संविधान सभेत 1949 मध्ये महालेखापरीक्षकाबद्दल बोलताना, हा बहुधा संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असं त्यांनी सांगितलं. त्याच बाबासाहेबांचे अनुयायी हिशेबाला कंटाळतात, हे बरं नाही.

माहितीच्या सुरक्षेचंही तेच. शिष्यवृत्तीच्या अर्जात आपली मुलं आधार, बँक खातं, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला देतात. अनेकदा पासवर्ड नेट कॅफेवाल्याकडेच राहतो. मुंबई-पुण्यात जात लपवून भाड्याने खोली मिळवणाऱ्या मुलीचा दाखला कुणाच्याही हाती पडला, तर तिचं काय होईल? आपल्यासाठी हा तांत्रिक विषय नाही, सुरक्षिततेचा आहे.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयात आपल्या गटाने तीन प्रश्न लेखी विचारावेत. शिष्यवृत्तीचा पैसा किती आला आणि कोणत्या तारखेला वाटला? आमची कागदपत्रं कुठे ठेवली आहेत, ती कोण उघडू शकतो? मागच्या ऑडिटमधल्या आक्षेपांवर काय केलं? उत्तर मिळालं नाही, तर सरकारी आणि अनुदानित संस्थांसाठी 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. मनरेगाच्या कायद्याने सामाजिक अंकेक्षणाचं काम ग्रामसभेकडे दिलं. तोच अधिकार शिष्यवृत्तीधारकांनाही मिळाला पाहिजे, ही मागणी आपण लावून धरू.

ऑडिटचा अहवाल आपण वाचला नाही, तर योजना बंद करू पाहणारे तो आपल्याआधी वाचतील. जय भीम.