सोनपेठचा ‘निळू फुले’

परभणीहून एसटीने निघालो की गंगाखेडच्या अलीकडे गोदावरीचा पूल लागतो. पुलावर गाडी आली की निम्मी मंडळी खिडकीतून हात जोडतात. गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. तिथे गाडी बदलून सोनपेठचा रस्ता धरला, की दुतर्फा काळीभोर जमीन सुरू होते. कुठे कापूस, कुठे ऊस, कुठे काढणीला आलेले सोयाबीन. पुण्याच्या माणसाला एवढे मोकळे आभाळ सोसत नाही; तो लगेच डुलक्या घेऊ लागतो. मीही घेतल्या.

सोनपेठ आता तालुक्याचे गाव आहे. परंतु माझ्या लेखी ते आत्याचे गाव. तिचा जन्म निजामी राजवटीतला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले तेव्हा ती परकरी पोर होती. आज नव्वदीच्या घरात आहे, पण चुलीवरची भाकरी अजून स्वतः थापते.

यंदा मी गेलो तो मात्र पाहुणचारासाठी नव्हे. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, मला एका कामगिरीवर पाठविले होते. उरलेली चार एकर जमीन विकून आत्याने पुण्यास यावे, आणि त्यासाठी तिची सही मी मिळवावी!

या जमिनीला इतिहास आहे. मामंजी, म्हणजे आत्याचे यजमान, लवकर गेले. शेजारच्या बड्या शेतकऱ्याने दर नांगरटीला बांध थोडा थोडा कोरीत नेला. आत्या अकरा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढली आणि कोरलेल्यापैकी निम्मीच जमीन परत मिळाली. त्या गृहस्थाचे नाव तिने पुन्हा तोंडाने घेतले नाही. घरात त्याचा उल्लेख ‘तो निळू फुले’ असाच होई. आता त्याच माणसाचा मुलगा गिऱ्हाईक म्हणून उभा होता.

रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर विषय निघाला. ‘‘त्या निळू फुल्याच्या घरात माझी जमीन घालू लागलास होय रे?’’ आत्या म्हणाली.

मला हसू आले. म्हटले, ‘‘आत्या, खरे निळू फुले कोण होते ठाऊक आहे का तुला?’’

‘‘न ठाऊक असायला काय झालं? तंबूतल्या सिनेमात बघितलाय की! बायाबापड्यांना छळणारा मेला.’’

मग मी तिला सांगू लागलो. हा माणूस आमच्या पुण्याचा. घरची गरिबी. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करीत होता आणि उरल्या वेळात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात नाचत-गात होता. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्याला नाव मिळवून दिले. १९६८ साली अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त तो झेलेअण्णा झाला आणि पडद्याने त्याला सोडले नाही. १९७२ साली रंगभूमीवर तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ केला. ते नाटक तर न्यायालयापर्यंत गेले. पुढे हिंदीतही ‘मशाल’, ‘सारांश’ असे चित्रपट केले. खलनायक म्हणून पुढाऱ्याचे टोपी-धोतर त्याने इतके आपलेसे केले, की खेडोपाडीच्या बायका त्याला खरोखरीच तसला समजू लागल्या.

‘‘आणि खरा कसा होता?’’

‘‘साधा. पुस्तके वाचणारा. अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीत वावरणारा. समाजासाठी राबणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तेव्हा डॉक्टर लागूंच्या बरोबरीने त्यासाठी झटला. १३ जुलै २००९ रोजी गेला बिचारा.’’

आत्या काही बोलली नाही. मी मोबाईलवर ‘सामना’ लावून दिला. जब्बार पटेलांचा हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. निळूभाऊ त्यात साखरसम्राट हिंदुराव, आणि श्रीराम लागू दारूडे मास्तर. गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाचे काय झाले, एवढेच मास्तर ज्याला त्याला विचारीत राहतो, आणि त्या एका प्रश्नाने हिंदुरावाच्या साम्राज्याला तडा जातो.

एवढ्याशा काचेवर आत्याने डोळे बारीक करून चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाली, ‘‘आपल्या गावचा तो असाच बसायचा रे. अशीच मान वाकडी करून बघायचा. चांगल्या माणसाला हे कसं कळलं?’’

‘‘नीट पाहिले असेल त्यांनी.’’

‘‘म्हणजे तो आपल्या बाजूचा होता तर. आणि मी जन्मभर त्याला शिव्या दिल्या.’’

मी दिवा मालवला. झोप लागणार तोच अंधारातून आवाज आला, ‘‘तो मास्तर दारूडा असून विचारत राहिला. मी शुद्धीत असून सही करू होय?’’

सकाळी आत्याने निकाल दिला. दिवाळीला ती पुण्यास येईल, थंडीभर राहील. जमीन मात्र विकायची नाही; बटईने लावायची. कागद मी कोराच परत आणला. आतेभाऊ माझ्यावर अजून रागावलेला आहे.

निघताना आत्या फाटकापर्यंत आली. समोरून गिऱ्हाईक महाशय फटफटीवरून गेले, ‘‘रामराम काकू!’’ म्हणाले. आत्याने रामराम घेतला आणि माझ्या कानाशी लागली, ‘‘याला आता दुसरं नाव शोधलं पाहिजे बघ. ते नाव चांगल्या माणसाचं आहे.’’